पाट्या मराठीत आल्या, आता अक्षराचं बघा

पाट्या मराठीत हव्यात की नकोत हे भांडण निदान कायद्यापुरतं तरी मिटलंय. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, व्यापारी कोर्टात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितलं. देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत हेही कायद्यात आहे. चांगलंच झालं, मी या कायद्याच्या बाजूचा आहे. पण आता अलिबागपासून शिरोड्यापर्यंत किनाऱ्या-किनाऱ्याने या, बाजारपेठ बघा, एसटी स्टँड बघा, जेटी बघा, देवळाची कमान बघा. मराठी भरपूर दिसते आणि वाचायला गेलं की डोळे चोळावे लागतात. अक्षर मोठं झालंय, जाडही झालंय, पण ती जाडी नुसती सूज आहे.

माझं म्हणणं असं की गावाचं नाव, बंदराचं नाव, किल्ल्याचं नाव, शाळेचं नाव, दुकानाचं नाव, म्हणजे जे लांबून दिसावं आणि लक्षात राहावं असं जे जे काही आहे, त्यासाठी आपल्या जाड-बारीक वळणाचं खरं ठळक अक्षर वापरायला हवं, आणि असं अक्षर सरकारने चांगल्या माणसांकडून काढून घेऊन सगळ्यांना फुकट द्यायला हवं. हा सौंदर्याचा शौक म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. पाटी सार्वजनिक आहे, तिचा पैसा बऱ्याचदा आपला आहे, आणि ती एकदा लागली की दहा वर्षं हलत नाही.

खरं ठळक आणि खोटं ठळक यातला फरक आधी सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. फ्लेक्सच्या दुकानात काय होतं बघा. ऑपरेटरकडे एक साधा फॉन्ट असतो, त्याचं ठळक रूप नसतं. गिऱ्हाईक म्हणतं जाड करा. मग तो अक्षराला त्याच रंगाची आउटलाइन चढवतो, दोन पॉइंट, चार पॉइंट, बोर्ड मोठा असला तर दहा. आउटलाइन सगळीकडून सारखी वाढते, जाड रेघही वाढते आणि बारीक रेघही तेवढीच वाढते, बाहेर वाढते तशी आतही वाढते, म्हणजे ब चं पोट बुजतं, ष ची तिरपी रेघ आतल्या आत गडप होते, क्ष चा गोळा होतो, आणि वरच्या मात्रा शिरोरेषेला जाऊन चिकटतात. त्यावर कडी म्हणजे बोर्ड लांबट असेल तर अक्षर आडवं ताणायचं, उभा असेल तर दाबायचं. बारीक माणसाला तीन स्वेटर घातले म्हणून तो पैलवान होत नाही, अक्षराचंही तसंच आहे. कॉम्प्युटरवर बी चं बटण दाबल्यावर पुष्कळदा हेच होतं, फॉन्टचं ठळक रूप बनवलेलंच नसेल तर सॉफ्टवेअर आहे त्याच अक्षराला फासून जाड करतं. टायरो देवनागरी मराठी नावाचा एक अतिशय देखणा मोफत फॉन्ट आहे, मराठीची वळणं जपून काढलेला, पुस्तकाच्या पानाला एकदम झकास, पण त्यात साधं आणि तिरपं एवढीच दोन रूपं आहेत, ठळक नाही. त्याला बटण दाबून ठळक करून कमानीवर चढवला तर दोष फॉन्टचा नाही, वापरणाऱ्याचा आहे.

खरं ठळक अक्षर वेगळं काढावं लागतं. उभी रेघ वाढवायची पण आतली मोकळी जागा राखायची, म्हणून अक्षर थोडं रुंद होतं. शिरोरेषा उभ्या रेघेइतकी जाड करून चालत नाही, नाहीतर शब्दाच्या डोक्यावर काळा पट्टा तयार होतो आणि नजर तिथेच अडकते. बारीक रेघ बारीकच ठेवायची पण ती तुटणार नाही एवढी. आणि प्रत्येक जोडाक्षरासाठी हे सगळं परत वेगळं ठरवायचं. हे काम महिन्यांचं, कधी वर्षांचं असतं, आउटलाइन दहा सेकंदांची असते.

रोमन लिपीवाल्यांनी यातून जायला बराच काळ घेतलाय आणि त्यांचा इतिहास आपल्याला उपयोगी आहे. तिकडे सेरिफ असलेली पुस्तकी अक्षरं, म्हणजे रेघेच्या टोकाला छोटे पाय असलेली, तीनशे-साडेतीनशे वर्षं ठळक रूपाशिवायच चालली. कॅसलन, बास्करव्हिल, बोडोनी ही सगळी मोठी नावं पुस्तकाच्या पानाची. ठळक अक्षराची खरी गरज लागली ती एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या भिंतींवर लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिराती लागायला लागल्या तेव्हा, आणि मग उभ्या रेघा प्रचंड जाड, आडव्या केसासारख्या बारीक असे टाइप निघाले. ते भिंतीवर ओरडायचे चांगलं पण पुस्तकात बसायचे नाहीत. मग १८४५ मध्ये लंडनमध्येच रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीने, म्हणजे छपाईची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्याने, क्लॅरेंडन काढला. हा सगळ्यात शहाणा टप्पा. ठळक आहे, पाय दणकट आहेत, जाड-बारीकचा फरक आहे पण बेताचा, आणि शब्दकोशात साध्या अक्षरांच्या शेजारी बसून नेमका शब्द पुढे आणायचं काम तो करतो. त्याची नोंदणी झाली, तीन वर्षांचं संरक्षण मिळालं, ते संपताच बाकीच्या फाउंड्र्यांनी धडाधड नकला काढल्या, एवढी त्याची गरज होती. पुढे अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या रस्त्यांवर तपकिरी पाटीवर पांढरा क्लॅरेंडन कित्येक वर्षं होता, आणि तो बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी रॉलिन्सन रोडवे नावाचा खास टाइप करून घेतला, तोही सेरिफचाच. म्हणजे डोंगर, दरी, जुनी जागा यांची नावं लिहायला पारंपरिक ठळक अक्षर एका देशाच्या सरकारी खात्याने विचार करून निवडलं, जपलं आणि वेळ आल्यावर सुधारून घेतलं. आपल्याला यातलं एवढंच घ्यायचंय की खातं असा विचार करू शकतं.

आता कोणी म्हणेल देवनागरीला सेरिफ कुठे असतात. नसतात, बरोबर आहे. आपल्याकडे ते काम जाड-बारीक रेघ आणि तिरपी कापलेली टोकं करतात, आणि ही दोन्ही बोरूतून आली. रोमनची लेखणी ज्या बाजूला तिरपी कापतात त्याच्या उलट्या बाजूला देवनागरीचा बोरू कापतात, त्यामुळे जाडी आणि बारीकपणा वेगळ्या जागी पडतो. इथेच बरेचसे नवे ठळक फॉन्ट घसरतात, रोमन अक्षराची जाडी जिथे असते तिथेच देवनागरीला लावतात आणि मग अक्षर ओळखीचं असूनही परकं वाटतं. आपल्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण डोळ्याला कळतं.

खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांच्या, जमान्यात हे ज्ञान मुंबईत होतं आणि उत्तम होतं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी खिळ्यांचे ठसे कोरले, आणि ते वळण एवढं पक्कं निघालं की संस्कृत पुस्तकं छापायची तर निर्णयसागरचा टाइप असं समीकरण देशभर झालं. अजूनही घरात आजोबांच्या कपाटात एखादी जुनी पोथी असेल तर काढून बघा, कागद पिवळा पडला असेल पण अक्षर कसं उभं आहे ते बघा. रेघेत जोर आहे, पोटात हवा आहे. बापूराव नाईकांनी, जे राज्याच्या मुद्रण खात्याचे संचालक होते, देवनागरी मुद्राक्षरांवर मोठा ग्रंथ लिहिला. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी मंगल केला, पुण्यात मुकुंद गोखल्यांनी अक्षरयोगिनी केला. म्हणजे माणसं नव्हती, अभ्यास नव्हता असं अजिबात नाही. पाटी लावणाऱ्याने त्यांच्याकडे कधी बघितलं नाही एवढंच.

आणि कोकणाचा या गोष्टीशी संबंध वरवरचा नाही. अलिबागजवळ अक्षीला जो शिलालेख आहे तो शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात, आणि मराठीतला सर्वात जुना शिलालेख तोच असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण सुरू केलं, मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी दोन स्तंभांत. आज प्रत्येक द्विभाषिक पाटीवर जो प्रश्न येतो, दोन लिप्या एकमेकींच्या बाजूला समान मानाने कशा बसवायच्या, तो मराठी पत्रकारितेत पहिल्याच दिवशी एका कोकणी माणसाच्या टेबलावर होता. त्याच किनाऱ्यावर आज इंग्रजी नाव टाइम्स फॉन्टच्या ठळक रूपात रुबाबात बसलेलं आणि त्याच्यावर मराठी नाव आउटलाइन चढवून फुगवलेलं, हे मला खरंच सहन होत नाही.

आकाराचा नियमही इथे अपुरा पडतो. रोमन कॅपिटल अक्षर वरपासून खालपर्यंत पूर्ण उंची वापरतं. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना जागा लागते, खाली उकाराला लागते, त्यामुळे दोन्ही लिप्या कॉम्प्युटरवर एकाच पॉइंटला ठेवल्या तरी देवनागरी अक्षराचं मूळ अंग लहान दिसतं. मग इन्स्पेक्टर मोजणार काय, शिरोरेषेपासून पायापर्यंत की वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या टोकापर्यंत? दुकानदार दुसरं मोजून दाखवणार, कागदावर नियम पाळला जाणार आणि रस्त्यावर मराठी बारीकच दिसणार. मोजायचं तर अंग मोजा, आणि त्याबरोबर रेघेची जाडी बघा, कारण लांबून डोळ्याला आधी जाडी जाणवते, उंची नंतर.

आता कोकणातल्या नावांकडे या. ठळक देवनागरी फॉन्टची परीक्षा घ्यायची तर कुठली वेगळी चाचणी नको, आपली गावं पुरेत. हर्णै लिहून बघा. ण वर दोन मात्रा आणि त्यांच्या जोडीला रफार, तिन्ही गोष्टी एकाच अक्षराच्या डोक्यावर. खोट्या ठळकात त्यांचा मिळून एक काळा तुरा होतो आणि बाहेरून आलेला माणूस कधी हरणे वाचतो, कधी काहीच वाचत नाही. आंजर्ले घ्या, अनुस्वार एकीकडे आणि मात्रा-रफार दुसरीकडे. वेंगुर्ला घ्या, वें च्या मात्रेला अनुस्वार चिकटला की काम संपलं. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, कुणकेश्वर, वेळणेश्वर, यांत श्री आणि श्व. सिंधुदुर्ग तर सगळंच घेऊन येतो, वेलांटी, तिच्यावर अनुस्वार, लागोपाठ दोन उकार आणि शेवटी रफार, म्हणजे वरही गर्दी आणि खालीही. धामापूर आणि घारापुरी एकाच फॉन्टमध्ये लिहा, ध आणि घ यांच्यात फरक तो डोक्यावरच्या छोट्या मोकळ्या जागेचा आणि गाठीचा, जाडी वाढवताना तीच जागा बुजली तर ध चा घ होतो, अक्षरशः. भ आणि म चंही तेच, भोगवे चं मोगवे व्हायला वेळ लागत नाही. जो फॉन्ट ही दहा-बारा नावं ठळक रूपात रस्त्यापलीकडून स्वच्छ दाखवतो तो चांगला, बाकी त्याच्या जाहिरातीत काय लिहिलंय ते बघायचं कारण नाही.

ल आणि श चा मुद्दाही आहे. २०२२ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. पण बऱ्याच फॉन्टमध्ये आधी येतो तो हिंदीचा दंडाचा ल आणि गाठीचा श, मराठीची रूपं आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी सेटिंग केली तरच बाहेर येतात, आणि ती सेटिंग फ्लेक्सच्या दुकानात कोण करणार. सरकारच्या स्वतःच्या कमानीवर सरकारच्या स्वतःच्या निर्णयाविरुद्धचा ल लागतो तो असा. मराठीसाठी फॉन्ट काढून घ्यायचा तर त्यात मराठीचीच रूपं आधी यायला हवीत, सेटिंग असो नसो.

या सगळ्याची घाई आत्ताच का, तर किल्ल्यांमुळे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आपल्या पाण्यातले आणि पाण्याकाठचे. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता या किल्ल्यांना नव्या पाट्या लागणार, मोठा निधी येणार, टेंडरं निघणार, आणि टेंडरमध्ये पाटीचा पत्रा किती जाडीचा, खांब किती उंच, रंग कुठल्या दर्जाचा हे सगळं सविस्तर असेल आणि अक्षराबद्दल एक ओळ नसेल. मग ठेकेदार ज्या दुकानात जाईल तिथला जो फॉन्ट असेल तो जगाचा वारसा म्हणून उभा राहील.

आणखी एक भीती आहे ती शिवकालीन दिसावं म्हणून केलेल्या अक्षरांची. तलवारीसारखी टोकं, भाल्यासारख्या वेलांट्या, भगवी सावली, मधूनच मोडीचा भास. माझा विरोध आहे आणि ठाम विरोध आहे. पारंपरिक म्हणजे नाटकी नाही. विजयदुर्गाच्या तटबंदीसमोर उभं राहून अक्षराला तलवार बनवायची गरज काय, तटबंदी समोर आहे ना. तिथे शांत, वजनदार, सरळ उभं अक्षर हवं, ज्याला आपला बोरू आणि आपला खिळा माहीत आहे. ज्यांनी खरंच जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करून टाइप काढलेत त्यांचं काम वेगळं आणि मोलाचं आहे, एकटाइप या फॉन्ट काढणाऱ्या संस्थेचा जैनी हा कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या हस्तलिखितांवरून आलाय, यात्रा वन मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून आलाय. मूळ वस्तू समोर ठेवून काढलेलं आणि अंदाजाने जुनाट केलेलं यात डोळ्याला ताबडतोब फरक कळतो.

कोकणात ठळक अक्षराला अजून एक कारण आहे, हवा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेले महिने खारा वारा आणि ऊन. पाटीवरची बारीक रेघ आधी जाते. रंग उडायला लागला की पहिल्यांदा मात्रा जातात, मग अनुस्वार, मग बारीक जोड, आणि उरतं ते उभ्या काठ्यांचं कुंपण. ॲक्रिलिकची कापून चिकटवलेली अक्षरं असतील तर शिरोरेषेमुळे शब्द एका तुकड्यात टिकतो पण अनुस्वाराचा ठिपका सुटा असतो, तो गळून पडतो आणि वेंगुर्ल्याचं वेगुर्ला होतं. जांभ्यात कोरायचं तर दगड सच्छिद्र, बारीक रेघ कोरली की कड ढासळते. म्हणून जांभ्यावर कोरीव काम नकोच, काळ्या दगडाचा तुकडा बसवून त्यावर कोरा, आणि तिथेही बारीक रेघ बोटभर राहील असंच अक्षर निवडा. म्हणजे आपल्याला हवं ते ठळक अक्षर बोडोनीसारखं जाड-बारीकमध्ये टोकाचा फरक असलेलं नको, क्लॅरेंडनसारखं हवं, जाड-बारीक आहे पण बारीकही दणकट आहे. मोफत मिळणाऱ्यांत रोझा वन दिसायला जबरदस्त आहे, मासिकाच्या मथळ्याला, लग्नपत्रिकेला, नाटकाच्या पोस्टरला शोभेल, पण त्याच्या बारीक रेघा इतक्या बारीक आहेत की बंदरावरच्या पाटीला तो मी कधीच सुचवणार नाही. मार्टेल आणि एक्झार या कामाच्या जास्त जवळ आहेत, दोघांचीही खरी, वेगळी काढलेली ठळक रूपं आहेत. आंब्याच्या पेटीचंही हेच. पुठ्ठ्यावर छापताना शाई पसरते, बारीक रेघ तुटते किंवा छोटी जागा भरते, तेव्हा देवगड हापूस ही अक्षरं पोट मोकळं असलेल्या बेताच्या ठळक टाइपात असली तर वाशीच्या मार्केटात लांबून वाचता येतील.

हायवेचं मात्र वेगळं आहे आणि तिथे मी हट्ट करणार नाही. मुंबई-गोवा रस्त्यावर, पूर्वीचा १७ आणि आताचा ६६, गाडी ऐंशीने चाललेली असताना चिपळूण उजवीकडे की सरळ हे क्षणात कळायला हवं. तिथे रेघ सगळीकडे जवळपास सारखी असलेलं साधं अक्षर बरं पडतं, रात्री हेडलाइटच्या झोतात पाटी चमकते तेव्हा बारीक रेघ उजेडात विरघळते आणि अती जाड अक्षराची पोटं भरून येतात. मुक्ता सारखा स्वच्छ टाइप तिथे योग्य. दवाखान्यातला औषधांचा फलक, एसटीचं वेळापत्रक, रेशन दुकानाची यादी, भरतीच्या वेळांचा तक्ता, इथेही ठळक पारंपरिक अक्षर नको. किल्ल्याच्या पाटीवर नाव ठळक, पण खालचा इतिहासाचा मजकूर साध्या जाडीत. हे आवर्जून सांगतोय कारण आपल्याकडे एकदा ठळक आवडलं की सगळंच ठळक होतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नाव ठळक, शुभेच्छुक ठळक, सगळी शंभर नावं ठळक, पत्ता ठळक. सगळेच मोठ्याने बोलायला लागले की कोणाचंच ऐकू येत नाही. ठळक अक्षराचा सगळा जोर त्याच्या शेजारच्या साध्या अक्षरावर उभा असतो, बेस्लीला हे १८४५ मध्ये कळलं होतं.

लोकांचे दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, हे जुनाट दिसतं, तरुण पोरांना आवडणार नाही, त्यांना इन्स्टावरची गुळगुळीत अक्षरं हवीत. मला हे पटत नाही. तारकर्लीला आणि दिवेआगरला ज्या नव्या होमस्टेच्या पाट्या लागतायत त्यात सगळीकडे तेच एक गोल, एकसारख्या रेघेचं अक्षर आहे, जे पुण्याच्या कॅफेवर आहे आणि ठाण्याच्या जिमवरही आहे. गाव बदललं तरी अक्षर बदलत नाही. चुलीवरचं जेवण आणि चिऱ्याचं घर म्हणून गिऱ्हाईक बोलवायचं आणि नाव लिहायचं ते कुठल्याही मॉलमध्ये खपेल अशा अक्षरात, यात धंद्याचंही नुकसान आहे. हीच पोरं मासळीच्या होड्यांवर हाताने रंगवलेल्या नावांचे फोटो काढून टाकतात, म्हणजे त्यांना जाड-बारीक आवडतं, ते वापरायला सोपं करून दिलेलं नाही इतकंच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आधी रस्ते करा, मग फॉन्टचं बघा. रस्ते झालेच पाहिजेत, पण फॉन्ट एकदाच काढावा लागतो, आणि नंतर पालघरपासून रेडीपर्यंत आणि तिकडे गडचिरोलीपर्यंत कितीही पाट्या करा, पुन्हा पैसा लागत नाही. एका कमानीच्या सिमेंटपुढे हा आकडा कुठेच नाही. उलट आज प्रत्येक ग्रामपंचायत प्रत्येक पाटीला वेगळे पैसे मोजते आणि दर वेळी वाईट अक्षर विकत घेते.

काढून घ्यायचा तर कसा, तेही बोलू. राज्याकडे मराठी भाषा विभाग आहे, सरकारी मुद्रणालय आहे, मुंबईत आयआयटीत आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे जिथे देवनागरी अक्षरांवर अनेक वर्षं काम झालंय, आणि आज जगात वाखाणले जाणारे मराठी टाइप डिझायनर मुंबई-पुण्यात बसून काम करतायत. त्यांना रीतसर पैसे देऊन काम सांगा. साधं, अर्धठळक, ठळक आणि पाटीसाठीचं अतिठळक अशी चार रूपं. निर्णयसागरच्या वळणाचा अभ्यास करून, पण त्याची नक्कल न करता, कारण ते अक्षर कागदावर दाबून छापण्यासाठी होतं आणि आपल्याला पत्र्यावर, दगडावर, मोबाइलवर लागणार आहे. सोबत त्याच वजनाची रोमन अक्षरं, म्हणजे द्विभाषिक पाटीत दोन्ही बाजू जुळतील. मुक्त परवाना, युनिकोड, मराठीचा ल आणि श आधी. शिवाय जुन्या श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या दुकानदारांसाठी तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण, कारण फॉन्ट वेबसाइटवर ठेवून दिला आणि विसरला असं झालं तर काही उपयोग नाही. आउटलाइन चढवणारा ऑपरेटर काही अक्षराचा दुष्मन नाही, त्याला पाचशे रुपयांत तासाभरात बोर्ड द्यायचा असतो आणि त्याच्या हाताशी दुसरं काही नसतं.

तोपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. टेंडरच्या कागदात तीन ओळी आजही घालता येतात. अक्षराला आउटलाइन चढवून किंवा आडवं-उभं ताणून जाडी आणायची नाही, फॉन्टचं स्वतःचं ठळक रूपच वापरायचं. ल आणि श मराठीचे. छापण्याआधी गावाचं नाव पूर्ण आकारात कागदावर काढून भिंतीला लावून रस्त्यापलीकडून चार वयाच्या चार माणसांकडून वाचून घ्यायचं, त्यातला एक तरी बिनचष्म्याचा म्हातारा हवा. हे लिहायला सरपंचाला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

आणि पेंटर लोकांना परत बोलवा, ही माझी शेवटची मागणी. किनाऱ्यावर अजून अशी माणसं आहेत जी होड्यांवर, देवळांवर, शाळांच्या भिंतींवर सपाट ब्रशने अक्षर काढतात आणि ज्यांच्या हाताला जाड-बारीक आपोआप येतं. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम आटलं. फ्लेक्स दोन पावसाळ्यांत फाटतं, चांगल्या ऑइल पेंटचं अक्षर त्याच्यापेक्षा टिकतं आणि उडालं तर तोच माणूस येऊन पुन्हा भरतो. चांगल्या ठळक टाइपात नाव कॉम्प्युटरवर लावा, पूर्ण मापाचा कागद काढा, कडेने टाचणीने भोकं पाडून खडूची पूड मारा, आणि भिंतीवर उमटलेला तो खाका पेंटरला भरू द्या. ग्रामपंचायतीच्या दरपत्रकात डिजिटल प्रिंटिंगचा चौरस फुटाचा दर असतो. त्याच्या खाली हाताने अक्षर रंगवण्याचा दर असा एक रकाना वाढवा, आणि त्यात पेंटरला परवडेल असा आकडा लिहा.